उद्यमबागमधल्या एका सिलिंडर वर्कशॉपची वेबसाइट: काय केलं, काय चाललं, काय नाही

बेळगावात उद्यमबागमध्ये एक छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबावर रॉड पुढं-मागं ढकलून वजन उचलणारे जॅक, नवीन बनवणं आणि जुने रिपेअर करणं हे त्यांचं काम. दोन लेथ, एक होनिंग मशीन (ट्यूब आतून घासून गुळगुळीत करणारं), वेल्डिंग, दाब देऊन सिलिंडर तपासायचा एक टेस्ट बेंच आणि आठ-दहा माणसं, रॉडचं हार्ड क्रोम तेवढं बाहेरून करून घेतात. मालकांना सगळे काकाच म्हणतात. त्यांची नवीन वेबसाइट मी करून दिली. नाव देऊ नको पण बाकी सगळं लिही म्हणालेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात अशी शेकडो युनिट्स आहेत ज्यांचं काम एक नंबर आहे आणि नेटवर शोधलं तर नावसुद्धा सापडत नाही.

त्यांचं गिऱ्हाईक कोण ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी हा सगळा ऊसपट्टा, आणि पलीकडं कागल, गडहिंग्लज, शिरोळ, तोही ऊसपट्टाच. साखर कारखान्यात मिलच्या टॉप रोलरवर दाब द्यायला, उसाची गाडी पलटी करायला सगळीकडं हायड्रॉलिक सिलिंडर लागतात. त्याशिवाय ट्रॅक्टरच्या टिपिंग ट्रॉल्या, जेसीबी, विटांची मशीनं, प्रेस. म्हणजे एका बाजूला कारखान्याचा मेंटेनन्स इंजिनियर आणि परचेसवाला, दुसऱ्या बाजूला ट्रॉलीचा जॅक गळतोय म्हणून वैतागलेला शेतकरी. दोघंही एकाच वर्कशॉपमध्ये येतात पण दोघांची शोधायची पद्धत एकदम वेगळी.

काकांचा पहिला प्रश्न साधा होता, "गिऱ्हाईक येतंय की ओ आपोआप, वेबसाइट घेऊन काय करायचं?" आणि ते खरंही होतं, वीस-पंचवीस वर्षं तोंडी ओळखीवरच धंदा चालला. पण ज्या इंजिनियर लोकांशी ओळख होती ते एकेक करून रिटायर झाले, त्यांच्या जागी आलेली तरुण पोरं आधी मोबाइलवर शोधतात आणि मग फोन करतात. एका कारखान्याचं जुनं काम असंच दुसरीकडं गेलं, क्वालिटीची काही तक्रार नव्हती, नवीन माणसाला यांचा नंबरच सापडला नाही. हे कळल्यावर काकांच्या सूनबाई, ज्या तिथलं अकाउंट बघतात, त्यांनीच विषय लावून धरला. मी त्यांना वहिनी म्हणतो, पुढंही तसंच लिहितो.

यांची आधी एक वेबसाइट होती बरं का. कोणीतरी पाच पानांची करून दिलेली, त्यात पिवळी हेल्मेट घातलेले परदेशी कामगार, निळ्या उजेडातली चकचकीत फॅक्टरी आणि 'आम्ही गुणवत्तेसाठी कटिबद्ध आहोत' छापाची वाक्यं. वर्कशॉपचा स्वतःचा एकही फोटो नाही. त्याहून वाईट म्हणजे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलेलं त्या करून देणाऱ्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. पुढं त्याने तो धंदा सोडला, फोन उचलणं बंद केलं, रिन्यूअलची नोटीस त्याच्या मेलवर जात राहिली आणि डोमेन सुटलं. डोमेन संपलं की लगेच जात नाही, डॉट कॉमला साधारण महिना-सव्वा महिना नेहमीच्या भावात रिन्यू करता येतं, त्यानंतर 30 दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग 5 दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. पण खातंच आपलं नसेल तर या सगळ्या मुदतीचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. म्हणून पहिलं काम हे केलं की नवीन डॉट इन डोमेन काकांच्या नावावर, वहिनींच्या मेलवर, त्यांच्याच कार्डवरून घेतलं, एकदम पाच वर्षांसाठी. होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, पण त्यांच्याच खात्यात. माझ्याकडं फक्त काम करण्यापुरता लॉगिन. वेबसाइट बनवून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो, एवढं एक तरी बघाच, बिलावर कोणाचं नाव आहे ते विचारा.

आता मूळ प्रश्न, वेबसाइटवर टाकायचं काय. इथं मी आणि वहिनी बराच वेळ बसलो. हजारो लोक येऊन बघून जावेत अशी ही वेबसाइट नाही, हे आधीच ठरवलं. महिन्यात थोडेच लोक येऊ देत, पण जो येईल त्याच्याकडं गळका सिलिंडर असला पाहिजे नाहीतर हातात ड्रॉइंग. मग अशा माणसाला काय लागतं? त्याला बघायचं असतं की माझ्या साइजचं काम इथं होतंय का, यांच्याकडं मशीन काय आहे, टेस्ट करून देतात का, किती दिवसात देतात आणि फोन कोण उचलतो. म्हणून सगळ्यात आधी मशीनची यादी लिहिली, लेथवर जास्तीत जास्त किती लांबी बसते, किती बोअरपर्यंत (ट्यूबचा आतला व्यास) होनिंग होतं, टेस्ट बेंच किती बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) जातो, सगळं आकड्यात. काकांना सुरवातीला हे पटेना, "एवढं उघडं करून सांगायचं काय ओ?" पण परचेसवाल्याला हेच हवं असतं, आणि जे काम होत नाही ते पण लिहिलं की नको त्या चौकशांचा वेळ वाचतो.

मग टाय रॉड (लांब बोल्टांनी आवळलेले), वेल्डेड आणि टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे) अशी प्रत्येक प्रकारच्या सिलिंडरची वेगळी पानं केली. सगळं एकाच पानावर कोंबलं असतं तर गूगलला ते पान नक्की कशाबद्दल आहे हे कळलं नसतं आणि माणसालाही स्क्रोल करत बसावं लागलं असतं. वर्डप्रेसवर हलकी थीम घेतली, वरचा सरकणारा स्लायडर काढून टाकला. फोटो वहिनींनी मोबाइलनेच काढले, पण दुपारी शटर पूर्ण उघडून, उजेडात, आणि प्रत्येक सिलिंडरच्या शेजारी स्टीलचा टेप धरून. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच टाकला तर खानापूरच्या पुढं रेंज नसलेल्या ठिकाणी पान उघडतच नाही, म्हणून सगळे वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून दोनशे केबीच्या आत आणले. गूगलच्या हिशेबात पानातला मुख्य भाग अडीच सेकंदात दिसला तर चांगलं धरतात, तेवढं जमलं. कारखान्यांच्या ड्रॉइंगचे फोटो मात्र एकही टाकला नाही, तो त्यांचा माल आहे, आणि ज्यांचा तयार सिलिंडर दाखवला त्यांना आधी विचारलं.

आता या सगळ्यातलं सगळ्यात जास्त चाललेलं पान सांगतो. त्याची कल्पना काकांच्या फोनवरून आली. त्यांना रोज येणारे निम्मे फोन एकाच प्रश्नाचे, "इतक्या बोअरचा जॅक किती टन उचलतोय?" आणि काका दर वेळी तोंडी हिशेब करून सांगायचे. मी म्हटलं हेच लिहून टाकूया की. गणित सोपं आहे, पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले प्रेशर. 160 बारला 63 मिमी बोअरचा सिलिंडर साधारण 5 टन ढकलतो, 80 चा 8.2 टन आणि 100 चा 12.8 टन. पण ओढताना तेवढा जोर मिळत नाही कारण रॉडने जागा खाल्लेली असते, 100 बोअरला 56 चा रॉड असेल तर ओढताना पावणेनऊ टनाच्या आसपासच. हे टेबल करून टाकलं, खाली उदाहरणं दिली. काकांनी एक वाक्य हट्टाने घालायला लावलं की टन कमी पडतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) पिळून प्रेशर वाढवू नका, ट्यूबची जाडी आणि वेल्डिंग त्या प्रेशरसाठी बनवलेलं नसतं, उभ्या ट्रॉलीखाली माणूस असतो. ते वाक्य आम्ही ठळक टायपात ठेवलंय आणि माझ्या मते अख्ख्या वेबसाइटवर त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

त्याच्याच जोडीला दुसरं पान, सिलिंडर न उघडता माप कसं घ्यायचं. लोक फोन करून म्हणतात "जॅक खराब झालाय, नवीन कितीला पडेल", पण मापाशिवाय काय सांगणार? म्हणून पायरी पायरीने लिहिलं. रॉडचा व्यास व्हर्नियरने, ट्यूबचा बाहेरचा व्यास, सिलिंडर पूर्ण बंद असताना पिन ते पिन लांबी, पूर्ण उघडल्यावर पिन ते पिन लांबी, दोन्हीतला फरक म्हणजे स्ट्रोक. पिनचा व्यास, पोर्टचा आटा, आणि बसवायची पद्धत कुठली, डोळा आहे, फ्लँज आहे की मधोमध ट्रनियन (दोन बाजूंना निघालेले खुंट). शेवटी तीन फोटो कसे काढायचे ते. खाली व्हॉट्सॲपचं बटण, ते दाबलं की मेसेज आधीच टाइप होऊन येतो, रॉड, बंद लांबी, उघडी लांबी, पिन, आणि पुढं नुसते आकडे भरायचे. आधी आम्ही फॉर्म ठेवला होता, त्यात रशियातून आणि कुठून कुठून कचरा यायला लागला आणि खरा माणूस एवढं टाइप करायचा कंटाळा करायचा. व्हॉट्सॲपवर मात्र शेतात उभा राहून माणूस टेप लावून फोटो पाठवतो. ड्रॉइंग पाठवणाऱ्या कारखान्यांसाठी ईमेल वेगळा ठेवला.

ईमेलचं एक लक्षात ठेवण्यासारखं. कोटेशन आधी वहिनींच्या साध्या जीमेलवरून जायचं, नवीन डोमेनवरून सुरू केल्यावर पहिली काही कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये गेली. डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी या नोंदी घालाव्या लागतात, म्हणजे हा मेल खरंच या डोमेनने पाठवलाय हे समोरच्या सर्व्हरला तपासता येतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल यातल्या एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी नोंद अगदी छोट्या पाठवणाऱ्याकडूनही मागतंय. अर्ध्या तासाचं काम आहे पण वेबसाइट करून देणारे बरेच जण हे करतच नाहीत, आणि मालक बिचारा समजतो की गिऱ्हाइकाला रेट पटला नाही.

भाषेचं काय केलं ते विचारतात लोक. मुख्य वेबसाइट इंग्लिशमध्ये, कारण परचेसवाले इंग्लिशमध्येच शोधतात, मग ते हुबळीचे असोत नाहीतर इचलकरंजीचे. पण टनाचं पान, मापाचं पान आणि गळतीचं पान (त्याबद्दल पुढं सांगतो) मराठीत आणि कन्नडमध्ये पण केलं. मराठी मी आणि वहिनींनी लिहिलं, कन्नड त्यांच्याच वर्कशॉपमधल्या गोकाकच्या फिटरने सांगितलं आणि वहिनींनी टाइप केलं, कारण मशीनने केलेलं भाषांतर वाचून तो म्हणाला, असं कोण बोलत नाही. तिन्ही भाषांतली पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे गूगलला कळावं म्हणून तशी खूण कोडमध्ये घातली. शोधायचे शब्द पण तसेच पसरलेले ठेवले, शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं तरी बाहेरचे लोक अजून जुन्या स्पेलिंगनेच शोधतात, म्हणून पत्त्यात नवीन आणि वर्णनात दोन्ही. शेतकरी जॅक म्हणतो, इंजिनियर सिलिंडर, दोघांच्या पानांवर आपापला शब्द.

गूगल मॅपवरचं प्रोफाइल हे वेबसाइटच्या बरोबरीनं महत्त्वाचं, आणि ते फुकट आहे. व्हेरिफिकेशनला आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, रस्ता, बोर्ड, आतली मशीनं, सगळं एका दमात दाखवायचं. बोर्डावर जे नाव तेच प्रोफाइलवर आणि तेच वेबसाइटवर, याच्यात फरक नको. नकाशावरचा पिन मागच्या गल्लीत पडलेला, टेम्पोवाले तिकडं जाऊन फोन करायचे, तो गेटवर आणून ठेवला. गूगल स्वतःच सांगतं की जवळच्या शोधात तीन गोष्टी बघतात, शोधलेल्याशी किती जुळतं, किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत. रिव्ह्यूसाठी डिस्काउंट वगैरे द्यायचं नाही, ते नियमातच बसत नाही, फक्त काम झाल्यावर वहिनी लिंक पाठवतात आणि "काय काम केलं ते पण लिहा" म्हणतात. त्यामुळं 'चांगली सेवा' असं दोन शब्दांत न लिहिता लोक 'ट्रॉलीचा तीन स्टेजचा जॅक दोन दिवसात करून दिला' असं लिहितात, ज्याचा पुढच्या माणसाला उपयोग होतो. गूगलने आधी या प्रोफाइलबरोबर फुकट छोटी वेबसाइट पण दिलेली असायची, ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली, म्हणून फुकट पत्त्यावर बॉक्स आणि व्हिजिटिंग कार्ड छापू नका, स्वतःचं डोमेन साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला मिळतं.

जाहिरातीवर थोडेच पैसे घातले. गूगलवर सर्च ॲड लावली आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं की सिलिंडर शब्दावर गॅस सिलिंडर बुकिंगवाले क्लिक करालेत. मग गॅस, एलपीजी, ऑक्सिजन, बुकिंग, नोकरी, कोर्स असे सगळे शब्द वगळायच्या यादीत घातले. लोकेशनमध्ये पण एक गोम आहे, ठरवलेल्या भागात जे खरंच आहेत त्यांनाच दाखवा असा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर त्या भागात नुसता रस असलेल्यांना पण जाहिरात जाते आणि पैसे कुठच्या कुठं उडतात. आम्ही बेळगाव, कोल्हापूर, सांगली आणि धारवाड एवढंच ठेवलं. फेसबुकवर पण करून बघितलं, लाइक आले, काम आलं नाही, बंद केलं. धंद्यांची यादी देणाऱ्या एका ऑनलाइन डिरेक्टरीचं वर्षाचं पॅकेज काकांनी पूर्वीच घेतलेलं, त्यात एकच चौकशी बऱ्याच जणांना एकदम जाते आणि मग सगळं रेटवरच येतं, मुदत संपल्यावर ते पुन्हा घेतलं नाही.

सरहद्दीचा म्हणून एक मुद्दा इथं येतोच. कागल किंवा कोल्हापूरचं गिऱ्हाईक तासा-दोन तासांवर, बोलणं मराठीत, पण जीएसटीच्या दृष्टीने दुसरं राज्य. यांचा नंबर 29 ने सुरू होतो, त्यांचा 27 ने. नवीन खरेदीवाल्याला वाटतं बाहेरच्या राज्यातून घेतलं तर टॅक्सचा काही घोळ होईल. म्हणून प्रश्नोत्तरांच्या पानावर सरळ लिहिलं की बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन भागांऐवजी एकच आयजीएसटी लागतो, दर तोच, आणि भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तसंच मिळतं. छोट्या युनिटवाल्यांनी हे पण ध्यानात घ्यावं की मालाची उलाढाल राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीतून सूट असते, पण दुसऱ्या राज्यात माल विकायचा म्हटलं की साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. वेबसाइट केली की निपाणीच्या पुढची ऑर्डर येणारच, तेव्हा आधी सीएला विचारून घ्या. कोटेशनवर आणि वेबसाइटवर उद्यम नंबर (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) पण टाकला. सूक्ष्म-लघु युनिटचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असतं, नंबर समोर दिसला की परचेसवाल्याला ते आठवतं.

वेळेचं गणित पण सांगायला पाहिजे. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या मागंपुढं सुरू होतो आणि मार्च-एप्रिलकडं आटोपतो, त्यानंतर पावसाळाभर मेंटेनन्स. म्हणजे रिपेअरच्या चौकशा एप्रिलपासून. नवीन वेबसाइट गूगलमध्ये वर यायला काही महिने जातातच, म्हणून सगळी पानं आम्ही हिवाळ्यातच चढवून ठेवली. सर्च कन्सोल (लोक काय शोधून वेबसाइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं फुकट साधन) जोडलं आणि वहिनी आता दर सोमवारी त्यात बघतात की लोक काय टाइप करून येताहेत. त्यातूनच गळतीचं पान झालं. रॉडवरून तेल येतंय तर ग्लँडमधलं (रॉड बाहेर येतो त्या तोंडाच्या झाकणातलं) रॉड सील नाहीतर रॉडवर ओरखडा, आणि बाहेर थेंब नाही पण लोड हळूहळू खाली बसतोय तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टन सील, असं साध्या भाषेत. ओरखडा असताना नुसतं सील बदललं तर नवीन सील पण थोड्या दिवसात जातं, हे पण त्यात आहे. एक मेंटेनन्स इंजिनियर हे वाचून सिलिंडर घेऊन आला आणि म्हणाला, तीन वेळा सील बदलून झालंय, रॉड कोणी बघितलाच नाही. रॉड परत क्रोम करून दिला. त्या कारखान्याचं पुढचं सगळं ऑफ-सीझनचं काम आता इथंच येतं.

फोन उचलण्याची सोय केली नसती तर मात्र यातलं काहीच चाललं नसतं. वर्कशॉपमध्ये आवाजात काकांना रिंग ऐकूच येत नाही, म्हणून वेबसाइटवरचा नंबर वेगळा घेतला, तो वहिनींच्या टेबलावर असतो. चौकशी आली की त्याच दिवशी निदान 'माप मिळालं, उद्या रेट सांगतो' एवढं तरी उत्तर जातं. चौकशीची वही पण त्याच ठेवतात, कुठून कळलं, काय पाहिजे, काय झालं. कुठल्या पानाने काम आणलं ते आकड्यांपेक्षा त्या वहीतूनच जास्त कळतं, आणि डिरेक्टरीचं पॅकेज सोडायचा निर्णय पण त्या वहीवरूनच झाला.

सध्या एका गोष्टीवरून घरात दोन मतं आहेत. काकांचं म्हणणं रिपेअरचे रेट वेबसाइटवर टाकूया, लोक विचारून विचारून थकवतात. वहिनी म्हणतात सिलिंडर उघडल्याशिवाय खर्च कळत नाही, आणि टाकलेला रेट धरून माणूस भांडतो. मला दोघांचंही पटतं. तूर्त असं ठरलंय की नुसतं सील किट बदलायचे दर बोअरप्रमाणे टाकायचे, आणि रॉड किंवा ट्यूबचं काम निघालं तर आधी फोटो पाठवून, विचारून मगच पुढं जाणार असं त्याच्याखाली लिहायचं. ते टेबल पुढच्या आठवड्यात तिन्ही भाषांत चढतंय.